हिंवाळी रस्ते व मोटारीचे टायर
(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

मोटारीच्या टायरांवर, आणि तेहि बर्फांत चालावयाच्या टायरांवर, मराठींत भाषण करण्याचें प्रयोजन काय, अशी शंका आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत आली असेल. आमच्या महाराष्ट्रांत थंडीची कमाल म्हणजे महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं पहांटे गवतावर गोठलेले दंवबिंदु. तेवढ्यासाठीं कोणी गाडीचे टायर बदलावयास जात नाहीं. शंका रास्त आहे. परंतु आपलीं मुलें आतां केवळ महाराष्ट्रांत राहिलेलीं नाहींत. कोणाचा मुलगा जर्मनींत, कोणाची सून स्वीडनमध्यें, कोणाची भाची कॅनडांत, अशी आज घरोघरची स्थिति आहे. मुंबई व जर्मनींतील श्टुटगार्ट हीं तर १९६८ पासून एकमेकांचीं भगिनी-शहरें मानलीं जातात. पुण्या-नाशिकाकडील किती तरी तरुण इंजिनियर त्या भागांत नोकरीस आहेत. तीं मुलें तेथें मोटार चालवितात आणि इकडे त्यांच्या आईवडिलांना रात्रीं झोंप येत नाहीं. ती झोंप थोडी तरी निर्धास्त व्हावी, हें माझ्या भाषणाचें प्रयोजन.

मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला व आयुष्यभर मुलांना गणित आणि पदार्थविज्ञान शिकविलेला मी एक शाळामास्तर आहें. माझा धाकटा मुलगा श्टुटगार्ट येथें असतो. सेवानिवृत्तीनंतर दोन हिंवाळे मीं त्याच्याकडे काढले. त्या शहराची रचना एखाद्या खोल परातीसारखी आहे. मधला भाग सखल, भोंवतीं टेंकड्या, आणि घरें त्या टेंकड्यांच्या उतारांवर. अशा गांवीं बर्फ पडलें म्हणजे टायर ही काय वस्तु आहे हें डोळ्यांनीं पाहावयास मिळतें. तेथील कारखान्यांत उभें राहून मीं जें पाहिलें, विचारलें आणि पदार्थविज्ञानाच्या धड्यांशीं ताडून पाहिलें, तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम मूळ कारण पाहूं. रबर आणि थंडी यांचें वैर फार जुनें आहे. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होऊन पाघळे, आणि हिंवाळ्यांत कडक होऊन तडके. अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यानें १८३९ मध्यें गंधकाच्या योगानें रबर पक्कें करण्याची युक्ति शोधून काढली, तेव्हां कोठें तें व्यवहारोपयोगी झालें. पुढें १८८८ मध्यें बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें हवेनें भरलेला टायर सायकलीस बसविला. परंतु गंधकानें पक्कें केलें तरी रबराचा मूळ स्वभाव सर्वस्वीं गेला नाहीं. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत बाटलींतलें खोबरेल तेल थिजतें. तेल तेंच, बाटली तीच, पण कालपर्यंत वाहणारें तेल आज काडीनें खरवडून काढावें लागतें. उन्हाळी टायराच्या रबराचीहि थंडींत अशीच कांहींशी गत होते. वरून पाहतां टायर कालच्यासारखाच काळा व गोल दिसतो, परंतु त्याचा मऊपणा गेलेला असतो. मऊ रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरून त्याला धरून राहतें. ताठर झालेलें रबर वरच्यावर घसरतें. नवी कोल्हापुरी वहाण घालून ओल्या शहाबादी फरशीवर ज्यानें पाय टाकला आहे, त्याला यापेक्षां अधिक सांगण्याची गरज नाहीं.

ही ताठरता केव्हां सुरू होते? तिकडे सर्वसाधारण आडाखा असा आहे कीं, हवा ७ अंश सेल्सियसच्या खालीं उतरूं लागली म्हणजे हिंवाळी टायर घालावे. ७ हा आंकडा कांहीं लक्ष्मणरेषा नव्हे, तो लक्षांत ठेवण्यास सोपा असा एक अंदाज आहे. परंतु त्यांतील मर्म महत्त्वाचें आहे. हिंवाळी टायर बर्फ दिसूं लागल्यावर घालावयाचे नसतात. ते थंडी पडूं लागल्यावर घालावयाचे असतात. जर्मन लोकांत यासाठीं एक सुटसुटीत म्हण आहे : ‘ओ पासून ओ पर्यंत.’ म्हणजे ओक्टोबरपासून ओस्टर्नपर्यंत. ओस्टर्न म्हणजे ईस्टरचा सण. आपण मृगाच्या आधीं घर शाकारतों, त्यांतलाच हा प्रकार.

हिंवाळी टायरांत वेगळें काय असतें? दोन गोष्टी. पहिली म्हणजे त्यांच्या रबराचें मिश्रण. तें असें केलेलें असतें कीं थंडींतहि त्याचा मऊपणा टिकावा. दुसरी गोष्ट त्यांच्या तळावरील नक्षी. या नक्षीच्या मोठ्या खांचा खोल असतात. शिवाय प्रत्येक ठोकळ्यावर सुरीनें चिरल्यासारख्या असंख्य बारीक नागमोडी चिरा असतात. टायर रस्त्याला टेंकला कीं या चिरा किंचित् उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला नखांप्रमाणें धरतात. खोल खांचांचें काम निराळेंच आहे. त्यांत बर्फ दाबलें जाऊन घट्ट बसतें, आणि हें दाबलेलें बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरून राहतें. मुलें बर्फाचे गोळे करून खेळतात, तेव्हां बर्फाला बर्फ कसें चिकटतें तें आपण पाहतोंच. म्हणून हिंवाळी टायराच्या खांचांत बर्फ भरलेलें दिसलें तर तो दोष समजूं नये. तो टायर आपलें काम करीत आहे.

असे टायर प्रथम निर्माण झाले ते जेथें त्यांची गरज सर्वांत मोठी होती तेथें. फिनलंडांतील नोकिया या गांवच्या रबराच्या कारखान्यानें १९३४ मध्यें मालमोटारींसाठीं पहिला हिंवाळी टायर काढला, आणि १९३६ मध्यें लहान मोटारींसाठीं ‘हक्कापेलिट्टा’ या नांवाचा टायर बाजारांत आणला. तें नांव आजहि चालूं आहे.

आतां थोडें गणित करूं. मास्तराच्या भाषणांत गणित यावयाचेंच, तेव्हां श्रोत्यांनीं क्षमा करावी. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार दर सेकंदास सुमारें १४ मीटर पुढें सरकते. ब्रेक दाबल्यावर ती किती अंतरांत थांबेल हें टायर व रस्ता यांच्यामधील घर्षणावर अवलंबून आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०·८ धरला, तर गाडी १२ मीटरांत थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर तो ०·२ धरला, तर ४९ मीटर लागतात. नितळ गोठलेल्या पाण्यावर तो ०·१ इतका उतरला, तर अंतर ९८ मीटर होतें. गाडी तीच, हांकणारा तोच, ब्रेकहि तोच, आणि अंतर आठपट! शिवाय वेग दुप्पट केला तर हें अंतर दुप्पट न होतां चौपट होतें. टायर चांगला असेल तर हा गुणांक थोडा वर चढतो, वाईट असेल तर खालीं येतो. आणि या थोड्याशा फरकांतच रस्ता ओलांडणारें एखादें मूल वाचतें किंवा वाचत नाहीं.

येथें दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पुष्कळांना वाटतें कीं, आपली गाडी चारहि चाकांना जोर देणारी आहे, तेव्हां आपणांस हिंवाळी टायरांची गरज नाहीं. अशी गाडी बर्फांतून निघते लौकर हें खरें. परंतु थांबण्याच्या कामीं तिचा उपयोग नाहीं. थांबावयाचें असतां प्रत्येक मोटारीला चारच चाकें, आणि प्रत्येक चाकाचा सुमारें तळहाताएवढाच भाग रस्त्याला टेंकलेला! अशी गाडी उलट वेगाचा खोटा विश्वास देते. दुसरा गैरसमज ब्रेकांविषयीं. चाकें जाम होऊं न देणारी ए.बी.एस. ही योजना १९७८ मध्यें प्रथम जर्मन मोटारींत आली आणि आज ती सर्वत्र आहे. ब्रेक दाबलेला असतांहि गाडी वळवितां यावी, हा तिचा मुख्य उपयोग. जेथें पकडच नाहीं, तेथें पकड निर्माण करण्याची शक्ति तिच्यांत नाहीं.

आतां निवड. बाजारांत गेल्यावर पहिली गोष्ट पाहावयाची ती टायराच्या बाजूवरील खूण. तीन शिखरांचा डोंगर व त्याच्या आंत हिमकण असें एक लहानसें चित्र असतें. ही खूण १९९९ पासून वापरांत आली. बर्फावरील ठरलेली कसोटी उतरलेल्या टायरावरच ती असते. जुन्या टायरांवर नुसतीं ‘एम’ आणि ‘एस’ हीं अक्षरें असत. चिखल व बर्फ असा त्यांचा अर्थ. परंतु त्या अक्षरांमागें कसोटी नव्हती. नक्षी जाड असली कीं कारखानदार तीं अक्षरें घाली. जर्मनींत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिंवाळी रस्त्यावर केवळ डोंगर-हिमकणाची खूण असलेला टायरच कायद्यानें ग्राह्य धरला जातो. तेव्हां जुनी गाडी विकत घेतांना विक्रेता ‘एम-एस टायर आहेत’ असें म्हणाला, तर तेवढ्यावर समाधान मानूं नये. खालीं वांकून चित्र आहे कीं नाहीं तें स्वतः पाहावें.

दुसरी गोष्ट माप. टायराच्या बाजूवर ‘२०५/५५ आर १६ ९१ एच’ अशा धर्तीची आंकडेमोड असते. ती मंत्रासारखी वाटते, पण फोड करून पाहिली तर सोपी आहे. २०५ म्हणजे टायराची रुंदी मिलिमीटरांत. ५५ म्हणजे त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा ५५. म्हणजे सुमारें ११३ मिलिमीटर. ‘आर’ हें अक्षर आंतील धाग्यांच्या मांडणीचें. १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ९१ हा भाराचा अंक आहे. त्याचा अर्थ एका टायरानें ६१५ किलोपर्यंत भार सोसावा. शेवटचें ‘एच’ हें वेगाचें अक्षर, ताशीं २१० किलोमीटरांपर्यंत. माप व भार हे गाडीच्या कागदपत्रांत दिले असतील तेच घ्यावे. विजेवर चालणाऱ्या गाड्या त्यांच्या बॅटरीमुळें जड असतात, म्हणून त्यांच्या बाबतींत भाराचा अंक दोनदां तपासावा. वेगाच्या अक्षरांत मात्र जर्मनींत हिंवाळी टायरांना थोडी सवलत आहे. कमी वेगाचा टायर चालतो, पण ती वेगमर्यादा लिहिलेली चिठ्ठी हांकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असावी लागते.

तिसरी गोष्ट वय. टायराच्या बाजूवर ‘डॉट’ या शब्दानंतर येणाऱ्या अक्षरमालिकेच्या शेवटीं चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३५२३ असेल तर तो टायर २०२३ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यांत तयार झाला. रबर वापरलें नाहीं तरी वर्षांनीं कडक होत जातें. म्हणून फार जुना टायर स्वस्त मिळाला तरी तो महागच पडतो.

चौथी गोष्ट खांचेची खोली. नव्या हिंवाळी टायरास ती साधारण ८ ते ९ मिलिमीटर असते. जर्मन कायदा १·६ मिलिमीटरांपर्यंत चालवून घेतो. ऑस्ट्रियांत मात्र ४ मिलिमीटरांहून कमी खांचेचा टायर हिंवाळी टायर म्हणून मानीतच नाहींत. जाणते लोक जर्मनींतहि ४ मिलिमीटरांचाच नियम पाळतात. खोली मोजण्याची एक युक्ति मला तेथील एका वृद्ध कारागिरानें दाखविली. दोन युरोचें नाणें घेऊन खांचेंत उभें धरावें. त्याची बाहेरची रुपेरी कड ४ मिलिमीटर रुंद असते. ती कड पूर्ण बुडाली तर टायर अजून चालेल. रुपेरी रंग बाहेर दिसत राहिला तर नवा टायर घेण्याची वेळ आली. खिशांतल्या नाण्यानें प्राणाची परीक्षा! मला ही युक्ति इतकी आवडली कीं मीं तें नाणें जपून ठेवलें आहे.

टायरांचे प्रकारहि सांगितले पाहिजेत. स्वीडन, फिनलंड, नॉर्वे या देशांत रस्ते महिनोन् महिने गोठलेले असतात. तेथें तळाला धातूचे बारीक खिळे बसविलेले टायर वापरतात. पण हे खिळे बर्फ नसलेला रस्ता खरवडतात व त्याची धूळ उडते. पश्चिम जर्मनीनें ते १९७५ मध्यें बंद केले. जपानांत सेंदाई, सप्पोरो अशा शहरांतून या धुळीचा फार उपद्रव झाला, म्हणून १९९० मध्यें तिच्याविरुद्ध कायदा झाला. त्यानंतर तेथें बिनखिळ्यांच्या मऊ टायरांचीच चाल पडली. याशिवाय बारमाही टायर म्हणून एक मधला प्रकार आहे. सखल प्रदेशांत राहणाऱ्या, थोडेंच हिंडणाऱ्या व बर्फ पडलें तर त्या दिवशीं ट्रामनें जाऊं शकणाऱ्या मनुष्यास तो पुरतो. मात्र त्यावरहि डोंगर-हिमकणाची खूण हवी. ज्याचें घर चढावर आहे, किंवा ज्याला रोज पहांटे कामावर गेलेंच पाहिजे, त्यानें खरा हिंवाळी टायर घ्यावा. आणि कोणताहि घेतला तरी चारहि चाकांना एकाच जातीचा घ्यावा. पैसे वांचविण्यासाठीं दोनच टायर घेऊन ते पुढें बसविले, तर पुढचीं चाकें रस्ता धरतात व मागचीं सुटतात. वळणावर गाडीचा मागचा भाग पुढें धांवतो आणि गाडी स्वतःभोंवतीं फिरते.

आतां बसविण्याविषयीं. तेथें बहुतेक लोक हिंवाळी टायर वेगळ्या रिमांवर कायमचे चढवून ठेवतात. त्यामुळें दर ऋतूस टायर रिमवरून उतरवावा लागत नाहीं, नुसतें चाक बदललें कीं झालें. पुष्कळजण हें घरींच करतात. त्यांनीं पुढील क्रम ठेवावा. गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करावी, हातब्रेक ओढावा, आणि चाक जमिनीवर टेंकलेलें असतांच बोल्ट थोडे सैल करावे. मग जॅक गाडीच्या पुस्तकांत दाखविलेल्या जागींच लावावा. विजेच्या गाडींत याची विशेष काळजी घ्यावी, कारण तिच्या पोटाखालीं बॅटरी असते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं हात किंवा डोकें कधींहि घालूं नये. जुनें चाक काढल्यावर मधल्या तबकडीवरचा गंज तारेच्या ब्रशानें घासून काढावा, नाहीं तर नवें चाक नीट टेंकत नाहीं. टायराच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो गाडी पुढें जातांना चाक ज्या दिशेनें फिरतें त्या दिशेस हवा. ‘बाहेरची बाजू’ असें लिहिलें असेल तर ती बाहेरच यावी. बोल्ट प्रथम हातानें लावावे आणि मग एकाआड एक, समोरासमोरचे असे आवळावे. शेजारशेजारचे क्रमानें आवळले तर चाक तिरकें बसतें. गाडी खालीं उतरवून शेवटची आवळणी जोर मोजणाऱ्या पान्यानें, पुस्तकांत सांगितल्या जोरानें करावी. पान्यावर उभें राहून आवळणें म्हणजे बळकटी नव्हे. त्यानें बोल्ट ताणला जातो व पुढें तुटतो. बोल्टांना तेलहि लावूं नये. आणि ५० किलोमीटर गाडी चालल्यावर सर्व बोल्ट पुन्हा एकदां तपासावे. ही शेवटची पायरी बहुतेक लोक विसरतात, म्हणून ती मीं मुद्दाम सांगितली.

हवेचा हिशेब पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतलाच आहे. बंद भांड्यांतली हवा थंड झाली कीं तिचा दाब उतरतो. १५ अंशांवर ३५ पौंड हवा भरलेला टायर शून्याखालीं ५ अंशांवर ३१ पौंडांच्या आसपास येतो. भोंक नाहीं, पंक्चर नाहीं, तरी हवा कमी! म्हणून पहिली कडक थंडी पडतांच हवा पाहावी, आणि ती गाडी चालविण्यापूर्वीं, टायर थंड असतांना पाहावी. युरोपांत २०१४ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक नव्या गाडींत दाब कमी झाल्याची सूचना देणारी योजना असते. नवीं चाकें चढविल्यावर तिला त्यांची ओळख करून द्यावी लागते. तेंहि कारागिराकडून करवून घ्यावें.

उतरविलेले उन्हाळी टायर कोठें ठेवावे? थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागीं. तेल व ऊन यांपासून दूर. रिमसकट असतील तर आडवे एकावर एक रचावे, बिनरिमचे असतील तर उभे ठेवावे. प्रत्येकावर खडूनें ‘पुढें डावें’, ‘मागें उजवें’ असें लिहून ठेवावें. ज्यांच्या घरीं जागा नाहीं त्यांचे टायर कारखानदार भाडें घेऊन संभाळतात. त्या कोठाराला तिकडे ‘राइफेनहोटेल’, म्हणजे टायरांची खाणावळ, म्हणतात हें ऐकून मला मोठी गंमत वाटली. हिंवाळी टायर उन्हाळ्यांत मात्र चालवूं नयेत. तापल्या रस्त्यावर ते भराभर झिजतात आणि गाडी थांबावयास उशीर लागतो.

डोंगरांत जावयाचें असेल तर टायरांबरोबर साखळ्याहि हव्यात. निळ्या गोल पाटीवर साखळी चढविलेल्या चाकाचें चित्र दिसलें कीं साखळ्या लावल्याच पाहिजेत. ज्या चाकांना एंजिनाचा जोर मिळतो त्या चाकांना त्या लावावयाच्या. चार पावलें गाडी चालवून त्या पुन्हा आवळाव्या, आणि ताशीं ५० किलोमीटरांच्या वर जाऊं नये. एकदां तरी घराच्या अंगणांत, कोरड्यांत, उजेडांत त्या लावून पाहाव्या. रात्रीं, वाऱ्यांत, गोठलेल्या बोटांनीं पहिला धडा घेणें शहाणपणाचें नव्हे. हें सांगणें आपल्या देशांतहि लागू आहे. रोहतांगखालचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजीं खुला झाल्यापासून मनालीहून पलीकडे लाहौलांत हिंवाळ्यांतहि पुष्कळ प्रवासी जातात. त्यांत आपले मराठी लोकहि असतात. पुण्याहून निघालेल्या गाडीचे टायर पुण्याच्या हवेसाठीं केलेले असतात. तेथें बर्फ असेल तर आपली गाडी मनालींत ठेवून स्थानिक हांकणाऱ्याच्या गाडींत बसावें, यांत कमीपणा नाहीं.

कायद्याविषयीं थोडक्यांत. जर्मनींत तारीख ठरलेली नाहीं. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठण असेल तेव्हां हिंवाळी टायर सक्तीचे. मोडल्यास निदान ६० युरो दंड आणि परवान्याच्या खात्यावर एक दोषगुण. ऑस्ट्रियांत १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळांत हिंवाळी रस्ता असेल तर सक्ति. स्वीडनमध्यें तशीच सक्ति १ डिसेंबर ते ३१ मार्च. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत मात्र १ डिसेंबर ते १५ मार्च हे दिवस ठरलेले आहेत, मग बर्फ असो वा नसो.

परंतु दंड ही सर्वांत स्वस्त शिक्षा आहे. आमच्या ओळखीचा एक सोलापूरकडचा तरुण नुकताच तिकडे आला होता. पहिल्याच वर्षीं त्यानें एक जुनी मोटार घेतली. टायर उन्हाळी. ऑक्टोबर संपला तेव्हां मीं त्यास म्हटलें, “बाळ, टायरांचें काय केलेंस?” तो हंसून म्हणाला, “काका, अजून बर्फ कुठें पडलें आहे? पडेल तेव्हां बघूं.” मी म्हणालों, “पाऊस आल्यावर कौलें चाळायला चढतोस का रे?” त्यानें ती थट्टा समजली. त्याचा दोष तरी काय म्हणावा? नवा देश, घरचें कर्ज, आणि चार टायरांची किंमत म्हणजे घरीं पाठवावयाचे दोन महिन्यांचे पैसे. नोव्हेंबरच्या अखेरीस एका रात्रींत बर्फ पडलें. त्या दिवशीं सगळें शहर एकदम टायरांच्या दुकानांपुढें लोटलें, आणि याला आठवड्यानंतरची वेळ मिळाली. दुसऱ्या दिवशीं कामावर जातांना उतारावर तांबडा दिवा लागला, यानें ब्रेक दाबला, आणि गाडी एखाद्या घसरगुंडीवरील पाटासारखी सावकाश, अगदीं सावकाश खालीं जात राहिली. समोरच्या पट्ट्यांवरून शाळेचीं मुलें ओलांडत होतीं. शेवटचें मूल पदपथावर चढलें, आणि मग गाडी दिव्याच्या खांबाला लागून थांबली. कोणास इजा झाली नाहीं. गाडीच्या दुरुस्तीचा खर्च टायरांच्या किंमतीहून पुष्कळ अधिक आला. परंतु तो मला खर्चाविषयीं कांहींच बोलला नाहीं. तो म्हणाला, “काका, मी ब्रेक दाबून बसलों होतों आणि मुलें मोजत होतों.”

श्रोतेहो, हें वाक्य मी विसरूं शकत नाहीं. आपण दूरच्या मुलांना फोनवर विचारतों, जेवलास का, गरम कपडे आहेत का, सर्दी बरी झाली का. हे प्रश्न प्रेमाचेच आहेत. ऑक्टोबर लागला कीं त्यांत आणखी एक प्रश्न घालावा : टायर बदललेस का? आणि तो ‘अजून बर्फ कुठें पडलें आहे?’ असें म्हणाला, तर वडिलकीच्या अधिकारानें त्याला सांगावें कीं बर्फ आधीं कळवून येत नाहीं. पैशाची अडचण असेल तर त्या महिन्यांत घरीं पाठवावयाचे पैसे पाठवूं नकोस, असेंहि सांगावें. तेवढ्यानें आपलें घर अडणार नाहीं.